करड्या ठिपक्यामागचे नाव : व्हिडिओ गेमच्या उद्योगातील कर्तृत्वाचा इतिहास

१

१९८० साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील एका पंधरा वर्षांच्या मुलाने कॅलिफोर्नियातील अटारी या कंपनीला पत्र पाठवले. कंपनीच्या 'ॲडव्हेंचर' या व्हिडिओ गेममध्ये, काळ्या किल्ल्यातील भुलभुलैयात, एक ठिपका दडलेला आहे. तो पार्श्वभूमीच्याच करड्या रंगाचा असल्यामुळे सहसा दिसत नाही. तो उचलून एका ठरावीक दालनात नेला असता तेथील भिंत ओलांडता येते आणि पलीकडच्या खोलीत एका माणसाचे नाव झळकत असते, असा त्या पत्राचा आशय होता. हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनी निर्माण केला, एवढे एकच विधान त्या खोलीत होते. आपण विकत असलेल्या मालात काय आहे, हे कंपनीला ग्राहकाकडून कळले. ज्याचे नाव तेथे होते तो माणूस १९७९ मध्येच नोकरी सोडून गेलेला होता.

व्हिडिओ गेमच्या लोकप्रिय इतिहासात ही घटना एक गमतीदार आख्यायिका म्हणून सांगितली जाते. साहित्यव्यवहाराच्या अभ्यासकाला मात्र तिच्यात वेगळे काही दिसावयास हवे. संहितेचा लेखकाशी संबंध कोणता, लेखकाचे नाव वगळून संहिता वाचता येते काय, हे प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समीक्षेने अत्यंत गांभीर्याने चर्चिले. रोलाँ बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा निबंध इंग्रजीत प्रथम १९६७ साली 'ॲस्पेन' या नियतकालिकात आला. हे नियतकालिक वाचकाला बांधणीच्या अंकाऐवजी पेटीच्या रूपात मिळत असे. त्यानंतर दहा वर्षांनी पेटीतच मिळणाऱ्या दुसऱ्या एका मालाच्या उत्पादकाने तोच प्रश्न तत्त्वचर्चेविना सोडवून टाकला. अटारीमध्ये लेखकाचा मृत्यू हा सिद्धान्त नव्हता. ती नोकरीची अट होती. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा की, या उद्योगात कर्त्याचे नाव आधी पुसले गेले, मग चोरून लिहिले गेले आणि अखेरीस विक्रीस ठेवले गेले. आणि या तिन्ही अवस्थांत नावाचा निर्णय संहितेने केला नाही, तो वेतन देणाऱ्याने केला.

२

अटारीची स्थापना १९७२ साली नोलन बुशनेल व टेड डॅब्नी यांनी केली. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्स या समूहाने ती सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. १९७७ मध्ये दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे तिचे यंत्र बाजारात आले. प्रत्येक खेळ स्वतंत्र कार्ट्रिजमध्ये मिळत असे व ते कार्ट्रिज यंत्राच्या खाचेत बसवावयाचे असे. या यंत्राची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट्सची होती. म्हणजे रोमन लिपीतील एक मध्यम लांबीचे वाक्य तीत जेमतेम मावले असते.

या टंचाईचा एक अनपेक्षित परिणाम झाला. खेळाची कल्पना, नियम, चित्रे, ध्वनी व संगणकाच्या भाषेतील प्रत्यक्ष लेखन ही सर्व कामे एकच माणूस करीत असे. सामूहिक उत्पादनाच्या युगात जन्मलेल्या या कलाप्रकाराचा आरंभ असा जवळजवळ हस्तलिखिताच्या पद्धतीने झाला. एकहाती कर्तृत्वाची रोमँटिक कल्पना जेथे अक्षरशः खरी होती, नेमके तेथेच कर्त्याचे नाव लावण्यास मनाई होती. वेष्टनावर कंपनीचे नाव असे, आतील माहितीपुस्तिकेतही तेच असे.

या मनाईमागचा व्यावहारिक हिशेब उघड होता. नाव कळले तर प्रतिस्पर्धी त्या माणसाला अधिक पगारावर पळवतील. आणि नाव प्रसिद्ध झाले तर तो माणूस स्वतःच अधिक मागेल. यातील उपरोध असा की, हाच वॉर्नर समूह ध्वनिमुद्रिकाही काढीत असे आणि तेथे गायकाचे नाव कंपनीच्या नावाहून मोठ्या अक्षरांत छापीत असे. नावाला किंमत असते हे त्याला ठाऊक नव्हते असे नव्हे. ते पुरेपूर ठाऊक होते, म्हणूनच ते लपवले गेले.

रॉबिनेट यांनी सांगितलेल्या हिशेबानुसार 'ॲडव्हेंचर'च्या सुमारे दहा लाख प्रती प्रत्येकी २५ डॉलरना विकल्या गेल्या, आणि त्यांना मिळाला तो सुमारे २२ हजार डॉलरचा वार्षिक पगार. त्या खेळातील नायक हा एक साधा चौकोन आहे आणि त्यातील अजगरांना पाहून बदकांची आठवण होते. तरीही एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जात विस्तारणारे, स्वतःचा भूगोल असलेले विश्व त्यात प्रथमच घरोघरी पोहोचले. अशा विश्वाच्या एका कोपऱ्यात रॉबिनेट यांनी स्वतःसाठी खोली बांधली, आणि सहकाऱ्यांनाही त्याचा पत्ता लागू दिला नाही.

३

नावासाठी दुसरा मार्ग चौघांनी पत्करला. १९७९ मध्ये कोणत्या खेळाची विक्री किती झाली याचे एक परिपत्रक अटारीतील कार्यक्रमलेखकांच्या हाती आले. न विकल्या जाणाऱ्या खेळांसारखे खेळ करू नयेत, हा त्याचा हेतू होता. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड यांनी ते वेगळ्या तऱ्हेने वाचले. कंपनीने कोणाचेही नाव कोठे छापलेले नसले तरी कोणता खेळ कोणाचा हे त्यांना ठाऊक होते. आणि बेरीज केल्यावर कार्ट्रिजच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग आपल्या चौघांच्या खेळांतून येतो असे त्यांच्या ध्यानात आले. वाचनाने अर्थ बदलतो, या सिद्धान्ताला याहून महागडे उदाहरण क्वचितच सापडेल.

पुस्तकांच्या व संगीताच्या व्यवसायाप्रमाणे मानधन आणि नामनिर्देश मिळावा, अशी मागणी घेऊन ते कंपनीचे प्रमुख रे कसार यांच्याकडे गेले. कसार वस्त्रोद्योगातून आलेले होते. खेळ तयार होण्यात जुळणीच्या पट्ट्यावर कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगाराचे जेवढे महत्त्व, तेवढेच तुमचे, अशा आशयाचे उत्तर आपल्याला मिळाले, असे क्रेन यांनी पुढे सांगितले आहे. या उत्तराचा उपहास करणे सोपे आहे, आणि उद्योगाच्या इतिहासकारांनी तो केलाही आहे. तथापि त्याचा सैद्धान्तिक आशय दुर्लक्षिण्याजोगा नाही. कलावस्तू हे अनेक हातांचे उत्पादन आहे, 'निर्माता' नावाची गूढ व्यक्ती नसते, हा विचार डाव्या समीक्षेने मोठ्या प्रयासाने मांडला होता. अटारीच्या कार्यालयात तो विनासायास अवतरला. फरक एवढाच की, जुळणी करणाऱ्या कामगाराला प्रतिष्ठा देण्यासाठी तो उच्चारला गेला नाही, लेखकाला पैसे न देण्यासाठी उच्चारला गेला.

त्याच वर्षी संगीतव्यवसायातून आलेल्या जिम लेव्ही यांच्यासह या चौघांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. टेलिफोनच्या डिरेक्टरीत आपले नाव अटारीच्या आधी यावे, हाही विचार नाव ठरवताना झाला, असे सांगितले जाते. १९८० पासून तिचे खेळ येऊ लागले, आणि माहितीपुस्तिकेत रचनाकाराचे नाव, छायाचित्र व खेळाडूंना उद्देशून त्याचे दोन शब्द येऊ लागले. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील लेखकपरिचयाचेच हे रूप होते. अटारीने खटला भरला. १९८२ मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी आलेल्या क्रेन यांच्या 'पिटफॉल' या खेळाच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. नाव छापल्याने धंदा बुडत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.

४

आता पुन्हा त्या करड्या ठिपक्याकडे वळावयास हवे. पत्र आल्यानंतर ती खोली खेळातून काढून टाकण्याचा विचार अटारीत झाला. परंतु त्यासाठी स्मृतिपट्टिकेचा नवा साचा करावा लागला असता आणि तो खर्चिक होता. विभागाचे एक अधिकारी स्टीव्ह राइट यांनी वेगळा मार्ग सुचवला. खोली राहू द्यावी, इतकेच नव्हे तर पुढील खेळांतही अशा लपवलेल्या गोष्टी मुद्दाम ठेवाव्यात. ईस्टरच्या सणात पाश्चात्त्य घरांतून रंगवलेली अंडी लपवून ठेवतात व मुले ती शोधतात. त्यावरून अशा गोष्टींना 'ईस्टर एग' हे नाव पडले. पुढे ते संगणकाच्या सर्व क्षेत्रांत रूढ झाले.

या रूपकाकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. अंडी लपवणारी घरातील वडीलधारी माणसे असतात आणि शोधणारी मुले असतात. म्हणजे मालकाच्या नकळत नोकराने केलेली सही या रूपकामुळे मालकाने ग्राहकाला दिलेली भेट ठरली. बंड मोडून काढण्यापेक्षा त्याचा सण करणे स्वस्त पडले, आणि पुढील चार दशके सर्वांनी तोच शब्द वापरला.

मिशेल फूको यांनी १९६९ च्या आपल्या व्याख्यानात असे दाखवले होते की, संहितेला लेखकाचे नाव चिकटले ते प्रथम शिक्षेच्या सोयीसाठी: लेखन अपराध ठरू शकते तेव्हा अपराधी कोण हे कळणे आवश्यक होते. रॉबिनेट यांच्या बाबतीत हे समीकरण उलटे झालेले दिसते. येथे संहितेत अपराध असा काहीच नव्हता. नाव लिहिणे हाच अपराध होता. बार्थ यांच्या मताप्रमाणे वाचकाच्या जन्माचे मोल लेखकाच्या मृत्यूने चुकवावे लागते. येथे कंपनीने मारलेल्या लेखकाला एका पंधरा वर्षांच्या वाचकाने भिंतीपलीकडून परत आणले. सिद्धान्त चुकीचे आहेत असा याचा अर्थ नव्हे. ते ज्या लेखकाविषयी बोलतात त्याचे नाव आधीच मुखपृष्ठावर छापलेले असते, एवढाच.

मराठी अभ्यासकाला येथे संतकाव्यातील नाममुद्रेची आठवण होणे स्वाभाविक आहे. अभंगाच्या अखेरीस येणारे नाव हे मालकीहक्काचे चिन्ह नसते. ते साक्षीचे व अधिकाराचे चिन्ह असते. म्हणूनच मागाहून आलेले कवी पूर्वसूरींच्या नावाने रचना करू शकले, आणि नामदेवांची मुद्रा असलेल्या अभंगांपैकी कोणते कोणाचे हा प्रश्न संशोधकांना पडला. रॉबिनेट यांची मुद्रा वेगळ्या जातीची आहे. तीत अधिकार नाही, केलेल्या कामाची पावती आहे. आणि तीही देणाऱ्याने नाकारल्यामुळे घेणाऱ्यानेच लिहिलेली.

परंतु या सहीलाही निरपवाद मानण्याचे कारण नाही. 'ॲडव्हेंचर'ची प्रेरणा विल क्राउदर व डॉन वुड्स यांनी रचलेल्या, केवळ शब्दांनी खेळावयाच्या त्याच जातीच्या एका संगणकीय खेळात होती. भिंतीपलीकडच्या खोलीत त्यांची नावे नाहीत. प्रत्येक सही कोणाला तरी गाळूनच होते. 'पहिली' म्हणून मिळालेला मानही टिकला नाही: फेअरचाइल्डच्या यंत्रावरील १९७८ च्या एका खेळात त्याच्या कर्त्याचे नाव दडलेले असल्याचे २००४ मध्ये उघडकीस आले, आणि अटारीच्याच १९७७ च्या 'स्टारशिप १' मधील रॉन मिलनर यांची खूण २०१७ मध्ये. चाळीस वर्षे एक सही वाचकाविना पडून होती. या उद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्याने 'प्रथम' हा शब्द पेन्सिलीने लिहावा, हे बरे.

५

नाव पुसणारा उद्योग एका प्रसंगी मात्र नाव विसरत नाही. १९८२ च्या जून महिन्यात स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' प्रदर्शित झाला. त्यावर खेळ काढण्याचे हक्क अटारीने प्रचंड रक्कम देऊन घेतले. वाटाघाटी लांबल्या आणि नाताळच्या बाजारपेठेसाठी खेळ लिहावयास हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना पाच आठवडे उरले. एरवी अशा कामाला अनेक महिने लागत. खेळ वेळेवर आला, त्याच्या लक्षावधी प्रती काढल्या गेल्या आणि त्यांतील बहुसंख्य परत आल्या. १९८३ मध्ये अटारीचा तोटा पन्नास कोटी डॉलरच्या वर गेला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीने न्यू मेक्सिकोमधील ॲलामोगॉर्डो येथील कचराभूमीत मालमोटारी भरभरून माल पुरला व त्यावर काँक्रीट ओतले.

पुढे जगातील सर्वांत वाईट खेळांच्या याद्या निघाल्या आणि त्यांत वॉरशॉ यांचे नाव अगत्याने येऊ लागले. यशस्वी खेळांच्या वेष्टनावर ज्याला जागा नव्हती, त्या कर्त्याला अपयशाच्या इतिहासात ठळक जागा मिळाली. फूको यांचे म्हणणे येथे शब्दशः खरे ठरले: शिक्षा द्यावयाची वेळ आली आणि लेखक सापडला. अतिउत्पादन, असंख्य नव्या कंपन्यांचा निकृष्ट माल, स्वस्त होत चाललेले घरगुती संगणक ही त्या मंदीची कारणे होती. परंतु कारणांना चेहरा नसतो, लेखकाला असतो. एका माणसाने पाच आठवड्यांत एक उद्योग बुडवला, ही कथा सांगावयास सोपी होती.

२०१४ च्या एप्रिल महिन्यात एका माहितीपटाच्या निमित्ताने ती कचराभूमी खणण्यात आली. वॉरशॉ तेथे उपस्थित होते. दंतकथेनुसार तेथे केवळ 'ई. टी.'चा ढीग असावयास हवा होता. प्रत्यक्षात 'सेंटिपीड', 'मिसाईल कमांड', 'डिफेंडर' असे गाजलेले खेळही त्याच मातीत निघाले, 'ई. टी.'चा वाटा त्यांत लहानच होता. चांगले आणि वाईट यांतील भेद समीक्षक करतात. गोदाम रिकामे करणारा करीत नाही. वर काढलेल्या कार्ट्रिजपैकी शेकडो पुढे विकली गेली. पहिल्या खेपेस कोणी घेत नव्हते, ते कचऱ्याच्या प्रमाणपत्रासह विकले गेले.

६

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नावाचा तिसरा अवतार सुरू झाला. १९८७ मध्ये मायक्रोप्रोज या कंपनीने 'सिड मायर्स पायरेट्स' असा रचनाकाराचे नाव शीर्षकातच गुंफलेला खेळ काढला. मायर यांचे विमानांचे खेळ घेणाऱ्या ग्राहकाने चाच्यांचा हा खेळही घ्यावा, हा हेतू होता. १९९१ मध्ये 'सिव्हिलायझेशन'ही याच रीतीने आला. परंतु त्याच्या पुढील आवृत्त्यांचे प्रमुख रचनाकार इतर होते: दुसऱ्या आवृत्तीचे ब्रायन रेनल्ड्स, चौथीचे सोरेन जॉन्सन, पाचवीचे जॉन शेफर. शीर्षकातील नाव मात्र कायम राहिले. बाह्यतः हा नामदेवांच्या मुद्रेसारखाच प्रकार वाटेल. फरक असा की, तेथे मागाहून येणारा कवी आपले नाव स्वेच्छेने विसर्जित करीत होता. येथे ते विसर्जन कंपनीच्या पणन विभागाने ठरवले होते.

विक्रीची वस्तू झालेले नाव परतही घेता येते. २०१५ मध्ये कोनामी या जपानी कंपनीने 'मेटल गियर सॉलिड'च्या पाचव्या भागाच्या वेष्टनावरून हिदेओ कोजिमा यांचे नाव काढून टाकले. या मालिकेचे कर्ते म्हणून ते जगभर ज्ञात होते. परंतु खेळाच्या आत प्रत्येक मोहिमेच्या आरंभी व अखेरीस श्रेयनामावली येत असे आणि तीत कोजिमा यांचे नाव पुनःपुन्हा येत असे. ते कोणी काढले नाही. पस्तीस वर्षांनंतर पुन्हा तीच स्थिती: बाहेर कंपनी, आत कर्ता.

दुसरे टोक २०११ मध्ये दिसले. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या 'एल. ए. न्वार' या खेळाच्या श्रेयनामावलीतून गळलेल्या वा चुकीच्या छापलेल्या शंभराहून अधिक नावांची यादी त्यावर काम केलेल्या माणसांनी स्वतः प्रसिद्ध केली. काम पूर्ण होण्यापूर्वी नोकरी सोडणाऱ्याचे नाव गाळण्याची प्रथा या उद्योगात दीर्घकाळ चालत आली आहे. पुढची नोकरी मागताना हेच नाव दाखवावयाचे असते. म्हणून ही बाब सौजन्याची नाही, पोटाची आहे. एका तारांकित नावाच्या प्रभेत ही शेकडो नावे दिसेनाशी होतात, आणि कर्त्याचा गौरव करणारी समीक्षाही नकळत कंपनीच्याच बाजूने उभी राहते.

७

कर्त्यांना नाव मिळावे म्हणून निघालेल्या ॲक्टिव्हिजनचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. संस्थापक बाहेर पडले. कंपनीने १९८८ मध्ये नाव बदलले आणि १९९२ मध्ये जुने नाव पुन्हा धारण केले. २००८ च्या विलीनीकरणानंतर ती एक महाकाय कंपनी झाली. २०२२ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ती ६८.७ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले व २०२३ च्या ऑक्टोबरात व्यवहार पुरा झाला. त्या घोषणेत खेळांची नावे होती, मालिकांची होती, खेळाडूंच्या संख्या होत्या. तीन महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, मायक्रोसॉफ्टच्या खेळविभागांतून १,९०० जणांना कमी करण्यात आल्याची बातमी आली. तीत फक्त आकडा होता. १९७९ मध्ये चौघांनी एका परिपत्रकातील आकड्यांमागची नावे वाचली होती. २०२४ मध्ये नावांचा पुन्हा आकडा झाला.

आणि करडा ठिपका? २०११ च्या अर्नेस्ट क्लाइन यांच्या 'रेडी प्लेअर वन' या कादंबरीत रॉबिनेट यांच्या खोलीला मानाचे स्थान मिळाले. २०१८ मध्ये तीवर चित्रपट निघाला. त्याच्या शेवटी नायक 'ॲडव्हेंचर' खेळतो, ठिपका शोधतो आणि रॉबिनेट यांचे नाव पडद्यावर झळकते. त्यानंतर त्याच्यापुढे एक करारपत्र येते. त्यावर सही न करणे हीच त्याची अंतिम कसोटी असते. हा चित्रपट दिग्दर्शित केला स्पीलबर्ग यांनी, ज्यांच्या 'ई. टी.'वरील खेळ ॲलामोगॉर्डोच्या मातीत गेला होता. तो वितरित केला वॉर्नर ब्रदर्सने. ज्या काळात रॉबिनेट यांना नाव लपवावे लागले त्या काळी अटारीची मालकी ज्या समूहाकडे होती, त्याच वॉर्नर घराण्यातील ही संस्था. २२ हजार डॉलरच्या पगारात जे नाव बसत नव्हते, त्याच्यावर आता तिकिटे विकली गेली.

तेव्हा लेखक मेला की पुनरुज्जीवित झाला, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासातून मिळत नाही. प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. नाव कोणी लिहिले, कोणी पुसले, कोणत्या वेळी आणि कोणाच्या खर्चाने, असे विचारावे लागते. संहितेचे वाचन करणाऱ्याने तिच्या अखेरीस सरकत जाणारी नामावलीही संहितेचाच भाग मानून वाचावी, आणि तीत नसलेल्या नावांची जागा कोठे आहे ते शोधावे. ती जागा बहुधा पार्श्वभूमीच्याच रंगाची असते.